देव लाज पुसतो, मग गर्वही का काढून घेतो?

बेळगावात नोव्हेंबर आणि डिसेंबर हे महिने मान-अपमानाच्या गोष्टींनी भरलेले असतात. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका निघतात, चौकाचौकात लाल-पिवळे झेंडे लागतात. त्याच दिवशी मराठी भाषक काळा दिवस पाळतात, कारण १९५६ साली त्याच तारखेला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढं सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरलं की सीमाप्रश्न पुन्हा पहिल्या पानावर येतो. आणि याच सुमाराला चर्चमध्ये आगमनकाळ सुरू होतो. नाताळाआधीच्या तयारीच्या या आठवड्यांत बायबलमधल्या सफन्या नावाच्या संदेष्ट्याचा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्याचा, एक छोटा भाग वाचला जातो. त्यात दबलेल्या, नमलेल्या लोकांना देव सांगतो: तुमची लाज मी दूर करीन. आणि त्याच दमात सांगतो: तुमच्यातला गर्वही मी काढून टाकीन.

इथल्या माणसाला हे ऐकून प्रश्न पडतो. लाज गेली हे चांगलंच झालं. पण वर्षानुवर्षं खाली मान घालून राहिलेल्या लोकांना ताठ मानेनं चालण्याची आता कुठं वेळ आली, तर तेवढ्यात गर्वही काढून घ्यायचा, हा कसला न्याय? बायबलच्या वर्गात हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो अगदी रास्त आहे. तो नीट सोडवायचा तर आधी सफन्याच्या काळात जायला हवं.

## सफन्या कोण, काळ कुठला

सफन्याचं पुस्तक बायबलच्या जुन्या करारात आहे. तीन अध्याय, एकूण ५३ वचनं. तो यहूदा राज्यात, यरुशलेम शहरात बोलत होता. राजा होता योशीया. त्याची कारकीर्द इसवी सन पूर्व ६४० ते ६०९. यहूदा म्हणजे डोंगराळ मुलखातलं एक लहान राज्य. त्याच्या डोक्यावर शंभरेक वर्षं अश्शूर साम्राज्याचा पाय होता. अश्शूरची राजधानी निनवे, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसूलच्या जवळ. यहूदाचे राजे तिकडं खंडणी पाठवत, आणि श्रीमंत घरांत परक्यांसारखा पेहराव करण्याची चढाओढ होती. सफन्या पहिल्याच अध्यायात त्या पेहरावाबद्दल बोलतो.

अश्शूरी लोक जिंकलेल्या माणसांचं काय करत, हे आजही डोळ्यांनी पाहता येतं. इसवी सन पूर्व ७०१ मध्ये सन्हेरीब राजानं यहूदातलं लाखीश हे तटबंदीचं शहर घेतलं आणि तो सगळा प्रसंग निनवेतल्या आपल्या राजवाड्यात दगडावर कोरून घेतला. ते दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. राजा उंच सिंहासनावर बसला आहे. समोर यहूदी माणसं गुडघे टेकून, हात जोडल्यासारखे पुढं करून आहेत. बायका-पोरं गाठोडी घेऊन चालली आहेत, बैलगाडीवर घरातलं सामान लादलं आहे. काहींचे भयंकर हाल चालले आहेत, तेही कोरलं आहे. ज्या दालनात ही शिल्पं होती तिथं राजाला भेटायला येणारे लोक उभे राहत असतील. एका शहराची धूळधाण ही दुसऱ्याच्या भिंतीची शोभा झाली होती.

पण यहूदाच्या मनात फक्त लाज होती असं नाही. लाखीश पडलं त्याच स्वारीत यरुशलेम मात्र वाचलं. सन्हेरीबानं वेढा दिला, तरी शहर घेतलं नाही. त्यातून पुढच्या पिढ्यांत एक समज घट्ट बसली: हा देवाचा डोंगर आहे, इथं देवाचं मंदिर आहे, आम्हांला कोण हात लावणार? सफन्याच्या मागोमाग आलेल्या यिर्मया संदेष्ट्यानं मंदिराच्या दारात उभं राहून या समजुतीवर कोरडे ओढले. म्हणजे तीच माणसं बाहेर साम्राज्यापुढं वाकत होती आणि घरात पवित्र डोंगराच्या नावानं छाती फुगवत होती. सफन्याचं वचन अशा माणसांसाठी आहे.

## लाज दोन प्रकारची असते

लाज हा शब्द आपण मर्यादा, संकोच या चांगल्या अर्थानंही वापरतो. इथं तो अर्थ नाही. इथं लाज म्हणजे लोकांच्या नजरेत, आणि मग हळूहळू स्वतःच्याही नजरेत, उतरून जाणं. दोष हा केलेल्या कृत्याला चिकटतो, लाज आख्ख्या माणसाला चिकटते.

सफन्याच्या तिसऱ्या अध्यायात ही लाज दोन ठिकाणी येते, आणि दोन्हीकडं कारण वेगळं आहे. अकराव्या वचनात ती लोकांच्या स्वतःच्या कृत्यांची आहे: तू माझ्याविरुद्ध जे जे केलंस त्यासाठी त्या दिवशी तुला लज्जित व्हावं लागणार नाही. एकोणिसाव्या वचनात ती दुसऱ्यांनी लादलेली आहे: लंगडणाऱ्याला मी वाचवीन, हाकलून दिलेल्याला गोळा करीन, जिथं जिथं त्यांची लाज झाली तिथं तिथं त्यांचं नाव होईल. बरेच वाचक या दोघींची एकच गाठ मारतात. मग ज्यानं काहीच वाईट केलं नाही त्यालाही आपण म्हणतो, “पश्चात्ताप कर.” हा मोठा अन्याय आहे.

लादलेली लाज कशी असते ते आपल्या भागात कुठंही दिसेल. तालुक्याच्या एका कार्यालयात जमिनीच्या उताऱ्यासाठी रांग होती. माझ्यापुढं खानापूरकडचे एक आजोबा होते. कागद हातात आल्यावर त्यांनी तो आधी लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला, मग मागं वळून बघितलं. सगळा मजकूर कन्नडमधला. आजोबा निरक्षर नव्हते. नंतर बोलताना कळलं, मराठी सातवी झालेले, रोज पेपर वाचणारे, गावच्या भजनात टाळ धरणारे. “पोरा, माझंच नाव हाय काय बघ की ह्याच्यावर,” ते म्हणाले, आणि ते इतक्या हळू म्हणाले की बाकी रांगेला ऐकू जाऊ नये. वडलांनी कसलेली जमीन, स्वतःचं नाव, आणि ते वाचायला अनोळखी पोराकडं हात पसरायचा. त्यांचा कसला दोष होता? काहीच नाही. तरी आवाज त्यांचा खाली गेला होता, कागद देणाऱ्याचा नव्हे.

याहून खोल लाज याच जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या बायकांनी सोसली. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं मुली सोडायची चाल होती. कर्नाटकानं १९८२ साली त्याविरुद्ध कायदा केला. ज्यांना लहानपणी सोडलं त्यांना विचारलं कुणी नव्हतं. ज्यांनी त्यांचा उपयोग करून घेतला ते पुरुष गावात प्रतिष्ठित म्हणून मिरवले. आणि शाळेच्या अर्जावर बापाच्या नावाचा रकाना आला की मान खाली घालावी लागली ती त्या बाईच्या मुलाला. घटप्रभेत अशाच बायकांनी पुढं येऊन स्वतःची संस्था चालवली, एकमेकींना आधार दिला. त्या बायकांना सफन्याच्या एकोणिसाव्या वचनाचा अर्थ समजावून सांगायची गरज पडणार नाही. हाकलून दिलेल्यांना गोळा करणं म्हणजे काय, हे त्यांनी करून दाखवलं आहे.

## “कारण” कुठं आहे ते बघा

आता मूळ प्रश्नाकडं. अकरावं वचन नीट वाचलं तर त्यात दोन वाक्यं “कारण”नं जोडलेली आहेत. तुला लज्जित व्हावं लागणार नाही, *कारण* तुझ्यातून ताठा मिरवणारे लोक मी काढून टाकीन, आणि माझ्या पवित्र डोंगरावर तू पुन्हा गर्व करणार नाहीस. गर्व काढणं ही लाज पुसल्यानंतरची वेगळी शिक्षा नाही. गर्व निघतो म्हणूनच लाज जाते.

असं का? कारण गर्वाला उभं राहायला कुणीतरी खाली लागतो. सन्हेरीबाच्या भिंतीला लाखीशची माणसं लागली. सफन्याच्या दुसऱ्या अध्यायात मवाब आणि अम्मोन हे शेजारी देवाच्या लोकांची टवाळी करतात आणि त्यांच्या हद्दीकडं बघून बढाया मारतात. त्यांची बढाई आणि यहूदाची मानहानी ही एकाच वेळी, एकाच वाक्यात घडते. निनवे शहर म्हणतं, मीच आहे, माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. हे वाक्य ज्या शहराच्या तोंडी शोभतं, त्याच्या शेजाऱ्याला लाज वाटल्याशिवाय राहत नाही.

समजा देवानं फक्त लाज काढली आणि त्या जागी गर्व भरला. मग काय होईल? कालचा दबलेला उद्या कुणाला तरी दाबेल. लाज जगातून जाणार नाही, फक्त तिचं घर बदलेल. आमच्या भागात हे रोज होतं. कन्नड कागदापुढं ज्याची मान खाली गेली, तोच गावात परत आल्यावर दलित वस्तीतल्या माणसाला एकेरीत हाक मारतो. त्या वस्तीतला माणूस घरी बायकोवर आवाज चढवतो. आणि सीमेपलीकडं, सांगलीच्या जत तालुक्यात किंवा सोलापूरच्या अक्कलकोटात, एखादा कन्नड बोलणारा शेतकरी मराठी सातबारा हातात घेऊन असाच मागं वळून बघत असेल. तिथं आवाज त्याचा खाली जातो, आपला जात नाही. आपल्याला ते दिसतही नाही.

म्हणून सफन्या गर्विष्ठ शोधायला निनवेपर्यंत जाऊन थांबत नाही. “तुझ्यातून” काढीन, असं तो म्हणतो. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला यरुशलेमचीच यादी आहे: सरदार गर्जणाऱ्या सिंहांसारखे, न्यायाधीश सकाळपर्यंत हाडूकही न ठेवणाऱ्या लांडग्यांसारखे, संदेष्टे उथळ आणि दगाबाज, याजक पवित्र जागा बाटवणारे. देवाचं नाव ज्यांच्या तोंडात जास्त, तेच या यादीत वर आहेत. आणि मग पाचव्या वचनात सगळ्यात टोचणारी गोष्ट येते: अन्याय करणाऱ्याला लाज ठाऊकच नाही. ज्यानं लाजायला हवं तो लाजत नाही, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो लाजून चूर होतो. देव ही उलटी मांडणी सरळ करतो आहे.

चर्चमध्ये हे दोन्ही धागे सहसा एकत्र ऐकू येत नाहीत, याची मला खंत वाटते. कॅथलिक मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या, वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात सफन्या रविवारी दोनदा येतो. एकदा नम्र, दीन लोकांबद्दलची १२ आणि १३ ही वचनं असतात, एकदा आनंदाची, १४ पासून १८ च्या पूर्वार्धापर्यंत. गर्व काढण्याचं अकरावं आणि लाज पुसण्याचं एकोणिसावं, दोन्ही रविवारच्या वाचनाबाहेर राहतात. अकरावं येतं ते आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, जेव्हा बाकं बरीचशी रिकामी असतात. परिणामी आपल्याला नम्रतेचा उपदेश मिळतो, आनंदाचा जल्लोष मिळतो, पण नम्रतेतून आनंद कसा येतो हे मधलं दार बंद राहतं.

## काढून टाकणं म्हणजे नाश का?

निपाणी, संकेश्वर या बाजूला गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे लवकर समजेल. चरकातून आलेला रस काहिलीत तापायला लागतो, त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, आणि मळी वर येते. रसाच्या डोक्यावर तीच सगळ्यात आधी दिसते. गुळव्या झाऱ्यानं ती काढत राहतो. ती बाहेरून पडलेली नसते, उसातूनच आलेली असते. ती तशीच ठेवली तर गूळ काळा पडतो आणि टिकत नाही. जाळ रस संपवण्यासाठी लावलेला नसतो, पण जाळाशिवाय मळीही वर येत नाही.

यहूदाला तो जाळ बसला. निनवे इसवी सन पूर्व ६१२ मध्ये पडलं, पण त्या जागी बाबेल, म्हणजे बॅबिलोनचं साम्राज्य, आलं. इसवी सन पूर्व ५८६ मध्ये तिथल्या नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्यानं यरुशलेम उद्ध्वस्त केलं, मंदिर जाळलं. राजघराणं, सरदार, कारागीर कैद करून नेले. द्राक्षमळे आणि शेतं राखायला देशातले गरीब तेवढे मागं ठेवले. ज्या डोंगराच्या नावानं छाती फुगत होती तो डोंगरच उजाड झाला. त्या अनुभवातून जे लोक उरले त्यांना बायबलमध्ये “अवशेष” म्हणतात. म्हणजे न्यायाच्या जाळातून उरलेले, ज्यांच्यापासून देव पुन्हा सुरुवात करतो ते लोक. सफन्या त्यांचं वर्णन एका वचनात करतो: ते अन्याय करणार नाहीत, खोटं बोलणार नाहीत, त्यांच्या तोंडात कपट सापडणार नाही, ते चरतील आणि निवांत पडतील, त्यांना कुणी घाबरवणार नाही.

खोटं आणि भीती एकाच वचनात येतात, इकडं माझं लक्ष नेहमी जातं. दबलेल्या माणसाला खोटं बोलावंच लागतं. साहेबापुढं हसावं लागतं, नसलेलं “हो साहेब” म्हणावं लागतं, घरची परिस्थिती लपवावी लागते. गर्विष्ठालाही खोटं बोलावं लागतं, आहे त्याहून मोठं दिसण्यासाठी. ज्याला खाली दिसण्याची भीती नाही आणि वर दिसण्याची हौस नाही, त्याला खोट्याची गरज उरत नाही. सफन्याच्या लेखी नम्र माणूस तो असा. साहेबापुढं वाकणाऱ्या माणसाला तो नम्र म्हणत नाही.

## पण दबलेल्याला स्वाभिमान नको का?

हवा, आणि भरपूर हवा. १९२५ साली निपाणीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली होती, तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. ज्यांना माणूस म्हणून मोजलंच जात नव्हतं त्यांनी ताठ उभं राहावं, हा त्यांच्या सगळ्या कामाचा गाभा होता. सफन्याला यात काही वावगं वाटलं नसतं. स्वाभिमान म्हणतो, मी तुझ्याहून कमी नाही. गर्व म्हणतो, तू माझ्याहून कमी आहेस. पहिल्याला खाली कुणी लागत नाही, दुसऱ्याचं त्याशिवाय भागत नाही.

आणि देव हाकललेल्यांना नुसतं “लाजू नका” सांगून सोडत नाही. त्यांना तो सर्व देशांत नाव आणि कीर्ती देईन म्हणतो. सतराव्या वचनात तर तो त्यांच्यामुळे आनंदानं गातो. ज्याच्याकडं बघून देव गातो त्याला शेजाऱ्याला खाली ढकलून मोठं व्हायची काय गरज? मान मिळतो, पण तो कुणाच्या अपमानातून काढलेला नसतो.

## म्हणजे अन्याय सोसत बसायचं?

सीमाभागातला माणूस हे विचारणारच, आणि त्यानं विचारावं. “नम्र व्हा” हे वाक्य सत्तेवर बसलेल्यांनी इतक्या वेळा वापरलं आहे की ते ऐकताच अंगावर काटा येतो. पण सफन्याच्या वचनात देव नम्र लोकांना गप्प बसवून अत्याचाऱ्यांना मोकळं सोडत नाही. एकोणिसाव्या वचनाची सुरुवातच अशी आहे की तुला छळणाऱ्या सर्वांचा मी त्या वेळी समाचार घेईन. त्याआधी, दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात, देशातल्या नम्र लोकांना सांगितलं आहे की नीतिमत्ता शोधा, नम्रता शोधा. दोन्ही एकाच श्वासात.

त्यामुळे मराठीतून कागद मागणं, मुलांना मराठी शाळा मागणं हे गर्वात मोडत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं संविधानाचं ३५०-अ कलमच सांगतं. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो न्यायाचा मार्ग आहे. आजोबांना त्यांच्या जमिनीचा कागद त्यांच्या भाषेत मिळावा, यासाठी भांडणाऱ्याच्या बाजूला मी उभा आहे. ज्या क्षणी त्या भांडणात कन्नड बोलणाऱ्या टपरीवाल्याचा, बसच्या कंडक्टरचा अपमान करण्यात मजा वाटू लागते, त्या क्षणी मात्र आपण भिंतीवर लाखीश कोरायला घेतलेलं असतं.

## लाजच गेली तर गुन्हेगार मोकळा सुटेल की

ही शंका खरी आहे, आणि बायबलमध्येच तिला दुजोरा मिळाल्यासारखा वाटतो. यहेज्केल संदेष्टा म्हणतो की देव लोकांना परत आणील, शुद्ध करील, आणि *त्यानंतर* त्यांना आपली वाईट कृत्यं आठवतील, स्वतःचीच किळस येईल. सफन्या म्हणतो लाज राहणार नाही, यहेज्केल म्हणतो तुम्ही शरमाल. कुणाचं खरं?

दोघांचंही. यहेज्केलाकडं क्रम बघा: क्षमा आधी, आठवण नंतर. पकडले गेलो म्हणून येणारी लाज माणसाला लपवायला शिकवते. आपल्याला हाकललं जाणार नाही हे कळल्यावर येणारा पश्चात्ताप त्याला उघडपणे बोलायला, नुकसान भरून द्यायला बळ देतो. सफन्या पहिलीला संपवतो, यहेज्केल दुसऱ्याला जागा करून देतो.

लूकच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेली दोन मुलांची गोष्ट आठवा. धाकटा सगळं उडवून परत येतो. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, हे वाक्य त्यानं वाटेवरच तयार केलेलं असतं. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. मुलगा ते वाक्य बोलतो, पण मला चाकर म्हणून ठेवा हा पुढचा भाग त्याच्या तोंडातच राहतो, कारण बापानं तोवर झगा, अंगठी, चपला मागवलेल्या असतात. ही झाली लाज पुसणं. पण थोरला घरात येईना. मी इतकी वर्षं राबलो, आणि हा तुमचा मुलगा... तो त्याला भाऊही म्हणत नाही. धाकट्याची लाज टिकली तरच थोरल्याचा मान टिकणार होता. बाप त्याच्यासाठीही अंगणात बाहेर येतो, त्याची समजूत घालतो. एकाच घरात एकाची लाज आणि दुसऱ्याचा गर्व, आणि बाप दोघांसाठी उंबरा ओलांडतो. थोरला आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही.

## वचन यहूदाला, मग आपण कोण?

हे वचन आधी यहूदी लोकांचं आहे. ते त्यांच्या इतिहासातून आलं आणि आजही ते ते आपलं म्हणून वाचतात. आपण नंतर आलेले पाहुणे आहोत. नववं-दहावं वचन आपल्याला आत घेतं, कारण त्यात देव सर्व राष्ट्रांना शुद्ध ओठ देईन म्हणतो, म्हणजे ते सगळे मिळून, खांद्याला खांदा लावून, त्याचं नाव घेतील. कूशच्या, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या मुलखाच्या, नद्यांपलीकडूनही लोक येतील.

पण एक धोका आहे. मराठी म्हणजे नवं इस्राएल, कन्नड म्हणजे अश्शूर, अशी जुळवाजुळव कुणी करू नये. उलटीही करू नये. कुठल्याही भाषेला, राज्याला, पक्षाला या वचनावर मालकी सांगता येत नाही. तशी मालकी सांगणं म्हणजेच पवित्र डोंगरावरचा तो जुना ताठा. बेळगावात मिशनरी १८२० साली आले, आणि आज इथल्या चर्चमध्ये मराठीतही, कन्नडमध्येही, कोंकणीतही उपासना होते. हे वचन तिन्ही भाषांत वाचलं जातं आणि तिन्ही ठिकाणी ते वाचणाऱ्यालाच प्रश्न विचारतं.

## हे घडलं का, की नुसतं वचनच राहिलं?

थोडं घडलं. इराणी सम्राट कोरेशानं इसवी सन पूर्व ५३८ मध्ये परतण्याची मुभा दिली, आणि सुमारे ५१५ मध्ये नवं मंदिर उभं राहिलं. पण परतलेले लोक थोडे होते, राज्य परक्यांचंच होतं. एज्राच्या पुस्तकात लिहिलं आहे की पाया घातला तेव्हा जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडले, बाकीचे पुष्कळ आनंदानं ओरडले, आणि रडणं कुठलं नि जल्लोष कुठला हे ऐकणाऱ्याला ओळखता येईना. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा अशी की येशूमध्ये देवानं हे काम पुढं नेलं, क्रुसावर सर्वांत लाजिरवाणं मरण स्वतः पत्करून. पूर्ण झालेलं ते अजून कुठंच दिसत नाही.

म्हणून मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, वाट बघत हात बांधून बसू नये. आपल्या नोंदवह्यांत, बाप्तिस्म्याच्या आणि शाळेच्या अर्जांत, आईचं नाव पुरेसं धरता येतं. बापाच्या रकान्यासाठी कुणाला अडवू नये. पंचकमिटीत पिढ्यानपिढ्या त्याच चार घरांची माणसं असतील तर तिथं बदल करावा, आणि ज्यांना आजवर कुणी बोलावलं नाही त्यांना आधी विचारावं. आणि मला मनापासून वाटतं, आपल्या ज्या मुलांना दोन्ही भाषा वाचता येतात त्यांनी रविवारी उपासनेनंतर तासभर एक टेबल मांडून बसावं. ज्याला कन्नड उतारा वाचता येत नाही त्याचा उतारा वाचून द्यावा, अर्ज भरून द्यावा. कोल्हापूर किंवा मिरजेच्या दवाखान्यातून मराठी कागद घेऊन आलेला चिकोडी-रायबागचा कन्नड माणूस आला तर त्यालाही, त्याच खुर्चीवर बसवून, तितक्याच आदरानं. टेबलावर फी नको, नोंद नको, आणि आपल्या चर्चचा फलकही नको.